रोपाआधी फांदी

सिंगापूरमध्ये नोंदल्या गेलेल्या दोनशेहून अधिक देशी ऑर्किडांपैकी बहुतेक जाती आज तिथल्या रानात उरलेल्या नाहीत. जंगल तुटलं, तशी झाडांच्या अंगावर वाढणारी ही सृष्टीही गेली. वाघ ऑर्किड त्यांतलंच: जगातलं सर्वांत मोठं ऑर्किड, पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके. सिंगापूरच्या रानातून ते नाहीसं झालं. तिथल्या वनस्पती उद्यानात मात्र १८६१ साली लावलेलं एक झुडूप टिकून राहिलं. १९९० च्या दशकात या जातीची रोपं प्रयोगशाळेत वाढवून उद्यानांतल्या आणि रस्त्याकडेच्या झाडांवर बांधायचं काम तिथे सुरू झालं.

ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक. अंकुराला पुरेल असा अन्नसाठा त्यात नसतोच. सालीवरची विशिष्ट बुरशी भरवील, तेव्हाच ते रुजतं. १९२२ मध्ये ल्यूइस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर बुरशीविना बी रुजवून दाखवलं, म्हणून आज बाटलीत हजारो रोपं होतात. पण फांदीवर साखर कोण ठेवणार?

म्हणून बांधलेलं रोप फुललं की काम झालं, असं मला वाटत नाही. फुलावर योग्य कीटक यावा, शेंग धरावी, वाऱ्यानं नेलेलं बी शेजारच्या सालीवर आपलं आपण रुजावं. तोवर ती बागच. तरीही सिंगापूरची ही धडपड मोलाची आहे. बी धरणारं झुडूपच नसेल, तर पुढचं काहीच घडत नाही.

आपलं अजून सगळं गेलेलं नाही. सह्याद्रीत उन्हाळा सरता सरता जुन्या आंब्यांवर, ऐनांवर सीतेची वेणी, आपलं देशी ऑर्किड, लोंबते. बांडगूळ समजून लोक ती ओरबाडतात, हे पाहून जीव तुटतो. ती झाडाचा रस पीत नाही. फक्त आधार घेते आणि पावसाचं, धुक्याचं पाणी मुळांनी टिपते. रस्त्याच्या रुंदीकरणात असा आंबा पडला, की बदल्यात लावलेल्या रोपाला तशी खरबरीत साल यायला कित्येक वर्षं जातात. तेव्हा आपल्याकडे प्रयोगशाळेच्या आधी म्हातारी झाडं राखायला हवीत.

झाड पडणारच असेल, तर वनखात्याला विचारून त्यावरची वेणी सालीच्या तुकड्यासह उतरवा आणि पावसाच्या तोंडावर जवळच्याच तशा झाडावर, तितक्याच उजेडात सुतळीनं बांधा. उभ्या झाडावरची मात्र घरच्या कुंडीसाठी कधीही काढू नका.