आग्रह आणि भीड

अतिथीस देवासमान मानावें असा उपदेश तैत्तिरीय उपनिषदांत आहे, आणि तो आपल्याकडे न शिकलेल्या माणसासही ठाऊक असतो. परंतु देवाचें एक बरें आहे: त्यास जें अर्पण करावें तें तो नाकारीत नाहीं. अतिथीही बहुधा नाकारीत नाहीं. पण तेवढ्यावरून त्यास तें हवें होतें असें सिद्ध होतें काय? हा प्रश्न आम्हांस गेल्या आषाढांत पडला. ज्या प्रसंगानें पडला तो किरकोळ आहे. तथापि नीतीची खरी परीक्षा किरकोळ प्रसंगींच होत असल्यामुळें तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

नागपुराकडील आमचे एक जुने स्नेही, पत्नी व आठ महिन्यांची कन्या यांसह, दोन दिवसांसाठीं रत्नागिरीस आले. तीं येण्यापूर्वींच आम्हीं बेत आंखून ठेविला होता: सकाळीं लोकमान्यांचें जन्मस्थान, मग थिबा राजवाडा, दुपारीं रत्नदुर्ग, संध्याकाळीं भाट्याची वाळू. ज्या गांवीं वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथें आषाढांत असा बेत करणें हें धाडसच. कोळ्यांस हें कळतें. जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवून नारळी पौर्णिमेची वाट पाहण्याची चाल तर त्याहून जुनी. ज्यांचें पोट समुद्रावर त्यांस दोन महिने थांबतां येतें. आम्हांस एक दिवस थांबवेना.

राजवाड्यापर्यंत सर्व ठीक होतें. ब्रह्मदेशच्या थिबा राजास इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केलें, पुढें रत्नागिरीस आणून ठेविलें, आणि १९१६ सालीं तो येथेंच वारला. त्यास वाडा होता, नोकरचाकर होते, समोर खाडीचें रम्य दृश्य होतें. फक्त ‘मला येथें राहावयाचें नाहीं’ असें म्हणून निघून जाण्याची सोय नव्हती. हें सर्व आम्ही पाहुण्यांस मोठ्या रंगांत येऊन सांगत होतों, आणि त्यांतून आपणच कांहीं शिकावें हें आमच्या ध्यानांतही आलें नाहीं.

रत्नदुर्गास तीन बाजूंनीं समुद्र. अर्थात् वाराही तीन बाजूंनीं. छत्री उलटली, दुपटें भिजलें, मूल रडूं लागलें. आम्हीं विचारिलें, “परत फिरायचें काय?” आई म्हणाली, “छे, छे, ती अशीच रडते. चला पुढें.” आम्हीं तो होकार मानला. भगवतीच्या देवळाशीं एक वृद्ध बाई उभी होती. ती म्हणाली, “लेकराला भिजवतां कशाला? समुद्र काय उद्यां पळून जातोय?” तिला उत्तर न देतां आम्हीं पाहुण्यांस बुरूज दाखविला.

रात्रीं मुलीचें अंग तापलें. पहांटे ताप उतरला, तेव्हां तिची आई म्हणाली, “भावजी, मला गडावर जायचंच नव्हतं. पण तुम्ही इतक्या हौसेनं ठरवलं होतंत. नाहीं कसं म्हणायचं?”

या एका वाक्यानें आमच्या पाहुणचाराचा सारा हिशेब उलटा झाला. आम्ही ज्यास प्रेम समजत होतों त्यांत आपलें गांव मिरविण्याची हौसच अधिक होती. तरी आग्रह सर्वस्वीं वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. भुकेलेला पाहुणा संकोचानें ‘पुरे’ म्हणतो, तेव्हां त्याच्या ताटांत आणखी एक पोळी वाढणारा आग्रह त्यास भिडेंतून सोडवितो. पण जो भिडेनें ‘हो’ म्हणतो, त्याला आग्रह त्याच भिडेंत अधिक जखडून टाकतो. ‘नाहीं’मागची भीड ओळखणें ही रसिकता, ‘हो’मागची भीड ओळखणें हा धर्म. पहिली आपल्याकडे पुष्कळांस साधते. दुसरा साधत नाहीं, कारण तो पाळतांना आपली हौस सोडावी लागते.

यांत पाहुण्यांचाही थोडा दोष आहे, आणि तो न सांगणें ही पुन्हां भीडच होईल. स्वतः भिजून यजमानाचें मन राखणें हें सौजन्य खरें. परंतु येथें त्या सौजन्याचें मोल मुलीनें दिलें. दुसऱ्याच्या पदरचें खर्चून कोणास उदार होतां येत नाहीं, मग तें दुसरें माणूस आपल्याच पोटचें कां असेना. त्या दिवशीं आम्हां सर्वांत निर्भीड अशी एक तीच होती. तिनें आपलें मत स्पष्ट व वारंवार सांगितलें. आणि तिला भाषा येत नाहीं म्हणून आम्हीं शहाण्यांनीं त्यास रडणें असें नांव दिलें.

दुसरे दिवशीं कोठेंच गेलों नाहीं. पडवींत घोंगडी अंथरून बसलों. आई भिंतीस टेकून गाढ झोंपली. मुलगी पागोळ्यांकडे हात करी, थेंब तळव्यावर पडला कीं दचके, आणि पुन्हां हात पुढें करी. दुपारीं पाऊस थोडा उघडला, तेव्हां आमच्या तोंडावर आलें कीं भाटें येथून फार दूर नाहीं. आम्हीं तें गिळलें. भाट्याची वाळू पाहुण्यांनीं अद्याप पाहिलेली नाहीं.