निरोप न घेता निघून जावे काय?



बाळाला पाळणाघरात सोडताना आईने त्याचा निरोप घ्यावा, की त्याचे लक्ष नाही असे पाहून हळूच निघून जावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत तो रोज सकाळी उभा राहतो. आईला चर्चगेटची गाडी गाठायची असते, बाळ ओढणी सोडत नाही, आणि पाळणाघरातील मावशी म्हणतात, "ताई, तुम्ही निघा. मी खुळखुळा दाखवते, त्याला कळणारसुद्धा नाही." सल्ला मायेचाच असतो. तरीही त्यावर आपण थोडा विचार करूया. कारण त्यात एक जुना प्रश्न दडलेला आहे: ज्याला आपले बोलणे कळत नाही, त्याची फसवणूक होऊ शकते काय?

आधी बाळ का रडते ते पाहू. सहा महिन्यांचे बाळ बहुधा कोणाच्याही कडेवर जाते. २०१७ सालच्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ती संपवून आई कामावर जाते, तेव्हा बाळ हसत पाळणाघरात राहते. मग आठव्या-नवव्या महिन्यात एकाएकी आकांत सुरू होतो. घरचे म्हणतात, "तिथे काहीतरी बिघडले आहे." तशी शंका आल्यास चौकशी जरूर करावी. पण पुष्कळदा बिघडलेले काही नसते, बाळाची समज वाढलेली असते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलांचे निरीक्षण करून दाखवले, की लहान बाळासमोरचे खेळणे फडक्याखाली झाकले तर ते शोधत नाही, आणि साधारण आठ महिन्यांनंतर शोधू लागते. जे दिसत नाही तेही कुठेतरी असते, हे त्याला उमगते. आई दिसत नाही म्हणजे ती दुसरीकडे आहे, एवढे आता बाळाला कळते. ती परत येईल, हे अजून कळत नाही. या दोन कळण्यांच्या मधल्या काळातले ते रडणे असते.

आता फसवणुकीविषयी. कोणत्याही कारणासाठी बोललेले असत्य हे असत्यच, असे संत ऑगस्टीन मानत. संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात बारकावा आणला. सत्य न सांगता गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, असे ते म्हणतात. मात्र शब्द न उच्चारता केवळ कृतीनेही खोटे सांगता येते, हेही ते दाखवतात. मावशींच्या सल्ल्याला ही कसोटी लावू. आई मुकाट्याने निघाली, इतकेच असते तर ते मौन होय. पण खुळखुळा वाजवायचा तो आई अजून जवळच आहे असे बाळाला वाटत राहावे म्हणून. तिथे मौन संपते आणि कृतीतले असत्य सुरू होते.

यावर कोणी म्हणेल, "फादर, नऊ महिन्यांच्या लेकराला कसले सत्य नि कसले असत्य?" शंका रास्त आहे. बाळाला विधान समजत नाही. पण त्याला अपेक्षा असते, आणि जिथे अपेक्षा असते तिथे ती मोडताही येते. मान वळवली की आई नाहीशी होते, असा अनुभव दोन-चार वेळा आला की बाळ मान वळवायलाच धजत नाही. खेळता खेळता आईकडे पाहत राहते, घरीही पायाला बिलगून बसते. त्याला आपण किरकिरे म्हणतो. वस्तुतः ते पहारा देत असते. शिवाय, न कळणाऱ्या बाळाशी खरे बोलण्याची रीत आपल्याला नवी नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही धर्मगुरू बाळाला त्याच्या नावाने हाक मारून बोलतो. ते उत्तर देणार नाही हे ठाऊक असते. तरी ती एक व्यक्ती आहे, म्हणून तिच्याशी बोलायचे.

आणखी एक गोष्ट स्वतःला विचारावी. गुपचूप निघून गेल्याने रडणे टळते काय? ते फक्त आपल्या पाठीमागे होते. आपण वाचवतो ते आपले पाहणे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षाच्या बाळांचा अभ्यास केला. आई काही मिनिटे खोलीबाहेर जाई व परत येई. आई गेल्यावर बाळ किती रडले यापेक्षा ती परतल्यावर त्याने तिला कसे जवळ केले, यातून नात्याविषयी अधिक कळले. म्हणून सकाळच्या रडण्यावरून आईने स्वतःला दोषी ठरवू नये. संध्याकाळच्या भेटीकडे पाहावे.

मग करावे काय? पहिले काही दिवस बाळासोबत पाळणाघरात बसावे, नंतर तासाभरासाठी सोडावे, मग वेळ वाढवत न्यावी. शक्यतो रोज एकाच मावशींनी त्याला घ्यावे. त्याच्या झोपेच्या व खाण्याच्या सवयी त्यांना लिहून द्याव्यात. आईच्या जुन्या साडीचा तुकडा कडेवर असताना त्याच्या हाती द्यावा. झोपताना मात्र पाळण्यात ठेवू नये. निरोप रोज तोच आणि थोडक्यात असावा: एक पापा, "आई संध्याकाळी येते", आणि निघावे. रडे ऐकून पुन्हा पुन्हा मागे फिरू नये. आणि सांगितल्या वेळी यावे. वचन म्हणजे काय, हे बाळ शब्द शिकण्याआधी यातूनच शिकते.

मात्र जुळवून घेणे एकट्या बाळाच्या माथी मारू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मूल आपल्या व्यवस्थेत बसत नसेल तर आधी व्यवस्थेकडे पाहावे, हा धडा आपल्या शेजारीच गिरवला गेला आहे. पाळणाघर निवडताना एका मावशींकडे किती बाळे आहेत, हे विचारावे. त्यांना योग्य पगार मिळतो काय, हेही विचारावे. मावशी वारंवार बदलल्या तर बाळाने कोणावर विसंबावे?

शेवटी वडिलांना एक विनंती. बाळ रडले की "नोकरी सोड" असे आईला सांगितले जाते. घराचे हप्ते दोघांच्या पगारातून जातात, मग रजा एकटीनेच का टाकावी? पहिल्या आठवड्यातले दोन-तीन दिवस बाबांनी पाळणाघरात बसावे. आणि आजी-आजोबांनो, सुनेला टोमणा मारण्याआधी तिने सकाळी किती वेळा मागे वळून पाहिले असेल, ते आठवावे.

रडणाऱ्या बाळाला "येते हं" म्हणणे कठीण आहे. पण ज्याला आपण उद्या खरे बोलायला शिकवणार, त्याच्याशी आजच खरे वागायला सुरुवात करूया.

आपले धर्मगुरू