राजाचा चतुर्थांश

महाडास १९२७ च्या डिसेंबरात ज्या मनुस्मृतीचे दहन झाले, आणि जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या वचनांमुळे ते होणे सर्वथैव उचितच होते, तिच्या आठव्या अध्यायात न्यायदानाविषयीचा एक विचार असा आहे की, स्मृतीचा त्याग केला तरी तो टाकता येऊ नये. निवाडा अन्यायाचा झाला म्हणजे त्या अधर्माचे चार भाग होतात, आणि त्यांपैकी एक अधर्म करणाऱ्यास, दुसरा साक्षीदारास, तिसरा निवाडा देणाऱ्या सभासदांस व चौथा राजास जाऊन पोहोचतो, असे तेथे सांगितले आहे. राजाने साक्ष दिलेली नसते, कज्जाचे कागदही त्याने कदाचित पाहिलेले नसतात. तथापि ज्याने न्यायाधीशास आसनावर बसविले आणि त्याचे वर्तन कळूनही तेथे राहू दिले, त्याला आपले हात धुऊन मोकळे होता येत नाही, हा त्यातील मर्मभाग होय.

१९५० च्या २६ जानेवारीपासून हे राजपद आपण सर्वांनी मिळून घेतले आहे. राजाचे हक्क आपण मोठ्या उत्साहाने वाटून घेतले, पण त्याच्या वाट्याच्या पापाचा तो चतुर्थांश कोणाच्या खाती जमा होतो, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला कधी गंभीरपणे विचारला नाही.

प्राचीनांनी ही गोष्ट केवळ परलोकावर सोडली नव्हती. राग, लोभ किंवा भय यांमुळे शास्त्राविरुद्ध निर्णय देणाऱ्या सभासदांना, दाव्यात हरणाऱ्यास जो दंड व्हावयाचा त्याच्या दुप्पट दंड प्रत्येकी करावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. आणि कौटिल्याने तर दाद मागावयास आलेल्या पक्षकाराला दटावणाऱ्या, हाकलून देणाऱ्या, किंवा जे विचारावयास हवे ते न विचारणाऱ्या न्यायाधीशासही शिक्षा नेमून ठेवल्या आहेत. या शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा अंमलात आल्या, हा प्रश्न निराळा. न्यायाधीशही कोणास तरी जबाबदार असला पाहिजे, एवढे तत्त्व त्यांना निर्विवाद मान्य होते.

आमच्या राज्यघटनेतही ते आहे. १२४ व्या अनुच्छेदात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास सिद्ध झालेल्या गैरवर्तनासाठी दूर करण्याची तरतूद आहे, आणि २१८ व्या अनुच्छेदाने ती उच्च न्यायालयांनाही लागू केली आहे. परंतु १९९३ च्या ११ मे रोजी लोकसभेत काय घडले ते आठवावे. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोपांची चौकशी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती आणि १४ पैकी ११ आरोप सिद्ध मानले होते. तरीही मतदानाच्या वेळी ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरुद्ध एकही पडले नाही, आणि २०५ सभासद तटस्थ राहिले. आरोप खोटे आहेत असे मत त्यांच्यापैकी एकानेही नोंदविले नाही. त्यांनी केवळ मौन धरले. ठराव बारगळला, आणि १९९४ साली ते न्यायमूर्ती वयोमानाप्रमाणे निवृत्त झाले. सभेत जाऊन मौन धरणारा असत्य बोलणाऱ्याइतकाच दोषी, हेही त्याच आठव्या अध्यायात आहे.

पण त्या २०५ जणांना दोष देऊन आपण सुटत नाही. पुढल्या निवडणुकीत त्यांच्यापैकी किती जणांना या मौनाचा जाब मतदारांनी विचारला असेल? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे बापाने मुलाला सांगावयाची शिकवण होऊन बसली आहे. तिच्यात अनुभव आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ज्याला ती पायरी टाळता येते तो सुस्थितीतील माणूस ती टाळतो आणि निश्चिंत होतो, आणि जमिनीची वहिवाट, पोटगी किंवा जामीन यांसाठी जिला वा ज्याला ती चढावीच लागते, त्या माणसाची फिर्याद ऐकावयास बाहेर कोणी उरत नाही. उदासीनता येथे शहाणपणाचे नाव घेऊन वावरते, आणि म्हणूनच ती मला उघड दुष्टतेपेक्षा अधिक भयावह वाटते.

रामशास्त्री प्रभुण्यांचे स्मरणही आपण याच कामी लावतो. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधानंतर राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगून ज्यांनी पुणे सोडले, असे परंपरा सांगते, त्या पुरुषाची थोरवी वादातीत आहे. पण एका निःस्पृह न्यायाधीशाचे पूजन केले म्हणजे इतरांवर लक्ष ठेवण्याच्या कर्तव्यातून मुक्तता मिळते, असे थोडेच आहे?

न्यायाधीश लोकांच्या धाकात राहिला तर निर्भय न्याय कसा मिळणार, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मान दिलाच पाहिजे. जमावाच्या रोषाला भिऊन दिलेला निकाल हा लाच घेऊन दिलेल्या निकालाइतकाच अधर्म्य होय. मात्र न्यायाधीशाचे स्वातंत्र्य ही पक्षकारासाठी त्याच्या हाती सोपविलेली ठेव आहे, त्याची खाजगी इनामजमीन नव्हे. प्रामाणिक चुकीवर अपील असते. लोभ, पक्षपात, उद्दामपणा यांवर चौकशीच हवी. आणि चुकीचा निकाल अखेरच्या न्यायालयानेच दिला, तर नागरिकाच्या निर्भय व अभ्यासपूर्ण टीकेवाचून दुसरा उपाय फारसा राहत नाही.

अशी टीका या देशात झालेली आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोघा शिपायांना दोषी ठरविले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. त्यात शिवीगाळ नव्हती, युक्तिवाद होता. पाठोपाठ स्त्रिया ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. त्या मुलीच्या खटल्यातील निकाल मात्र होता तसाच राहिला, कारण आपण जागे झालो तेव्हा तिच्यापुरता उशीर होऊन गेला होता.