भाकरी आणि आतडे

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत सातारा-सांगलीकडची ज्वारी-बाजरीची भाकरी खाऊन ज्यांनी आयुष्यभर ओझी वाहिली, त्यांच्या नातवंडांच्या डब्यात आज मैद्याने ठाण मांडावे, हे मला मनापासून सलते. कारण भाकरीतला चोथा मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू आंबवतात, आणि त्यातून उत्पन्न होणारे ब्युटिरेट हेच तेथील पेशींचे मुख्य अन्न होय. आतड्याच्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात, आणि दर वेळी त्यांतील जनुकांची नक्कल केली जाते; त्या नकलेत, दफ्तरातील कारकुनाच्या हातून व्हावी तशी, क्वचित चूक राहते, वयानुसार अशा चुका साचतात, आणि एपीसी नामक जनुक बिघडल्यास पॉलिप व कालांतराने कर्करोगही संभवतो. म्हणून उतारवयात शौचातून रक्त गेले, तर ती मूळव्याधच, असे परस्पर ठरवू नये. काही घराण्यांत हा बिघाड वारशानेच येतो; त्यांच्यासाठी जनुकीय सल्ला व तपासणी खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत, उपलब्ध आहे.