आगाऊ कळण्याचें ऋण

भविष्य सांगणाऱ्याला आपण दक्षिणा देतों. पण सांगितलेल्या भविष्याचें कांहीं दायित्व त्याजकडे उरतें, असें मानीत नाहीं. ज्योतिषांत हें चालून जातें. वैद्यकांत चालावें काय, हा प्रश्न गर्भवतीच्या एका रक्तपरीक्षेनें माझ्यापुढें उभा केला आहे.

प्रीएक्लॅम्प्सिया या विकारांत गरोदरपणाच्या उत्तरार्धांत रक्तदाब चढतो, यकृत व मूत्रपिंडें यांस इजा पोंचते, आणि प्रसंगीं झटके येऊन माता दगावते. त्याचें मूळ वारेंत असतें. तेथून रक्तांत उतरणाऱ्या प्रथिनांपैकीं पीएलजीएफ हें रक्तवाहिन्यांच्या वाढीस पोषक, तर एसएफएलटी-१ हें त्याला अडविणारें. विकाराची शंका असलेल्या स्त्रियांत या दोहोंचें गुणोत्तर मोजलें असतां २०१६ सालीं असें दिसलें कीं, तें ३८ वा त्याहून कमी असल्यास आठवडाभर विकार न होण्याची खात्री शेंकडा ९९ हून अधिक; परंतु ३८ च्या वर गेलेल्या शंभरांपैकीं सुमारें ३७ जणींनाच तो चार आठवड्यांत झाला. म्हणजे ही परीक्षा ‘नाहीं’ खणखणीत म्हणते, ‘होय’ मात्र चांचरत.

आतां नंदुरबार जिल्ह्यांतील चिंचपाडा घ्या. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचें हें गांव. येथें ख्रिस्ती रुग्णालयही आहे. भोंवतालच्या एखाद्या पाड्यावरून आठव्या महिन्याची बाई आली व ही परीक्षा झाली, असें मानूं. अंक ‘नाहीं’ म्हणाला, तर ती सुखानें घरीं जाईल. मजुरी बुडणार नाहीं, पोरें उघडीं पडणार नाहींत. हा लाभ लहान नव्हे. पण ‘होय’ म्हणाला तर? प्रसूतीखेरीज या विकारावर खरा उतारा नाहीं. ‘जपून राहा’ एवढेंच सांगून तिला परत धाडणें म्हणजे आपली काळजी तिच्या पदरीं बांधून आपण मोकळें होणें.

मग सांगूंच नये, असें कोणी म्हणेल. तें मला मान्य नाहीं; रक्त तिचें, तेव्हां त्यांतली वार्ताही तिचीच. ज्यानें परीक्षा केली त्यानें मात्र खाट, गाडी आणि झटक्यांवरचें मॅग्नेशियम सल्फेट यांची तजवीज आधींच केलेली असावी. ती नसेल तर? येथें माझें तर्कशास्त्र अडतें, हें कबूल करतों. परीक्षा थांबवावी, तर ज्यांना ‘नाहीं’ चा दिलासा मिळाला असता त्यांच्यावर अन्याय. शिवाय रक्तदाबाचा पट्टा १८९६ पासून जगांत आहे. त्याचा चढलेला अंक पाहूनही ‘जपून राहा’ म्हणणारे थोडे झाले नाहींत.

तेव्हां परीक्षा करावी. पण नळी भरण्यापूर्वीं तिला एवढें विचारावें : बाई, रात्रीं गाडी तुमच्या पाड्यापर्यंत येते कां?