चिंता हे पाप नव्हे. चिंताविकार हा आजार आहे



“नोव्हेना केली, रोजरी वाढवली, तरी छातीतली धडधड थांबत नाही. आमची श्रद्धाच कमी पडते का?” हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो, तो मोठ्याने विचारण्याचे धाडस थोडेच करतात. आज या प्रश्नाला उत्तर देण्याचा आपण प्रयत्न करू या.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून उद्याची चिंता करू नका असे सांगितले. हेच वचन आपण कधी कधी घाबरलेल्या माणसाच्या तोंडावर फेकतो. परंतु प्रभू तेथे अन्नवस्त्राच्या काळजीने शिणलेल्या मनाला धीर देत आहे. आजाऱ्याला दटावीत नाही. संत पौलाकडे पाहा. चिंता सोडून आपली मागणी देवापुढे मांडा, असे तो फिलिप्पैकरांना लिहितो. तोच पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात सांगतो, की सर्व मंडळ्यांच्या चिंतेचे ओझे आपल्यावर रोज असते. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणचा शब्द एकाच धातूचा आहे. चिंता वाटली म्हणून पौलाची श्रद्धा उणी ठरली नाही.

मग साधी काळजी कोणती आणि आजार कोणता? राखणीचा कुत्रा चोर आल्यावर भुंकला तर तो कामाचा. पण पान हलले तरी तो रात्रभर भुंकू लागला, तर घरात कोणालाच झोप नाही. भीती ही देवाने दिलेली राखण आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे, मुलीची लोकल चुकली की जीव वरखाली होणे, हे स्वाभाविक आहे. कारण गेले तरी भीती जात नाही, आणि तिच्यामुळे काम, झोप, घरसंसार विस्कटतो, तेव्हा डॉक्टर त्याला चिंताविकार म्हणतात.

त्याचे प्रकार अनेक. काहींना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस, सर्वच गोष्टींची काळजी लागून राहते. सोबत थकवा, चिडचिड, मानपाठ आखडणे, झोप न लागणे. काहींना अचानक धडधड, घाम, गुदमरल्यासारखे होते आणि आता मरणार असे वाटते. हा पॅनिक अटॅक. तो काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. काहींना चारचौघांत बोलण्याची इतकी भीती वाटते, की वेदीजवळ वाचनाला उभे राहण्यापेक्षा ते मिस्साच चुकवतात. काहींना गर्दी, लोकल, बंद जागा सोसत नाही. तेव्हा मिस्साला दाराजवळ उभा राहणारा प्रत्येकजण कंटाळलेलाच असतो, असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता, आणि अशा रुग्णांपैकी साधारण चौघांतील एकालाच उपचार मिळतात. उपाय नाही म्हणून बाकीचे तिघे खितपत पडत नाहीत. लाज, अज्ञान आणि “बाहेरचे काही असेल” ही समजूत त्यांना घरी बसवते.

ओळख कशी पटते? पहिल्यांदा छातीत दुखले किंवा दम लागला तर स्वतःच निदान करू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे. डॉक्टर हृदय, थायरॉइड, रक्तातील हिमोग्लोबिन तपासतात, कारण या आजारांतही धडधड होते. ते चहा-कॉफी, दारू आणि चालू औषधांविषयीही विचारतात. मग मागील दोन आठवड्यांविषयी सात साधे प्रश्न विचारण्याची एक पद्धत आहे. उत्तरांना २१ पैकी गुण मिळतात. १० किंवा अधिक झाले तर पुढील तपासणी केली जाते. आजार आहे की नाही हे अखेर डॉक्टर रुग्णाशी बोलूनच ठरवतात.

उपचार प्रामुख्याने दोन, आणि ते एकत्रही देतात. पहिला बोलण्याचा. प्रशिक्षित तज्ज्ञ रुग्णाला भीतीचे विचार तपासायला शिकवतो आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने नेतो. आज फलाटावर उभे राहायचे, पुढच्या आठवड्यात एक स्टेशन जायचे. भीतीपासून पळत राहिलो तर ती वाढते. धीराने सामोरे गेलो तर ती हळूहळू उतरते. दुसरा उपचार गोळ्यांचा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची चटक लागत नाही, मात्र गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायच्या असतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी चटकन बरे वाटते, पण त्यांची सवय लागू शकते. शेजारणीने दिली म्हणून कधी घेऊ नये. संध्याकाळच्या दोन पेगांनी मन शांत होते असे म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की नशा उतरली की भीती अधिक जोराने परतते.

येथे एक कळकळीची विनंती. रिट्रीटला गेल्यावर, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाल्यावर, “आता मी बरा झालो” म्हणून गोळ्या फेकून देऊ नका. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय सांगतो, की वैद्यालाही देवानेच नेमले आहे आणि औषधी त्यानेच पृथ्वीतून उपजवल्या आहेत. तोच अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायलाही सांगतो. दोन्ही हात देवाचेच आहेत.

संतही यातून सुटले नाहीत. १५२२ साली मान्रेसा गावी संत इग्नाती लोयोला यांना जुन्या पापांच्या शंकांनी पछाडले. पुन्हा पुन्हा कुमसार करूनही चैन पडेना; जीव देण्याचाही मोह झाला. गतकाळची पापे पुन्हा उगाळू नका, असे त्यांच्या धर्मगुरूंनी बजावले. पुढे ते त्या छळातून मोकळे झाले आणि त्यांनी इतरांना वाट दाखवली. अशा न थांबणाऱ्या शंकांना आज मंत्रचळ या आजाराच्या अंगाने पाहतात. तो चिंताविकाराचा जवळचा नातेवाईक, आणि त्यावरही उपचार आहेत.

आणि गेथशेमाने बागेतला प्रभू? संत लूक स्वतः वैद्य. प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, हे त्यानेच टिपून ठेवले. त्या रात्री प्रभूने तिघा शिष्यांकडे भाषण मागितले नाही. जागे राहा, एवढेच मागितले. ते झोपी गेले. आपल्या घरातली सून, शेजारचा कॉलेजकुमार, एकटी राहणारी आई आपल्याकडे तेवढेच मागत असतात. “काही नाही होत, मनावर घेऊ नकोस” हे वाक्य म्हणजे झोपी जाणेच होय. त्यापेक्षा “चल, मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतो” असे म्हणा, आणि बाहेर बाकावर बसून राहा.

सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही. जगण्याची इच्छा उरली नाही असे कोणी म्हणाले, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. तत्काळ रुग्णालयात न्या.

आज मिस्साहून घरी जाताना एक नाव मनात धरू या. कित्येक दिवस चर्चमध्ये न दिसलेले, किंवा दिसूनही गप्प असलेले. त्या माणसासाठी प्रार्थना करू या, आणि संध्याकाळी त्याच्या दारी जाऊ या.

गेथशेमानेच्या प्रभू, भ्यालेल्यांजवळ राहा आणि आम्हांला जागे ठेव. आमेन.