रंग कुणाकडे होता?

कोडॅक्रोम फिल्म १९३५ साली आली ती १६ मिलिमीटरची, घरी सिनेमा काढणाऱ्या हौशी लोकांसाठी. वर्षभरात ८ मिलिमीटरचीही आली. १९६५ साली सुपर ८ आल्यावर तर फिल्म गुंडाळायची कटकटही गेली. कार्ट्रिज कॅमेऱ्यात ढकलायचं आणि बटण दाबायचं. ५० फुटांत जेमतेम सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात पोराचं पहिलं पाऊल, आजीचं हसणं, सगळं बसवायचं.

पण या फिल्ममध्ये रंग नव्हते! इतर रंगीत फिल्मच्या थरांतच रंग तयार करणारी द्रव्यं असतात. कोडॅक्रोममध्ये ती लॅबवाले रोल धुताना घालत. हे काम घरी जमणं जवळजवळ अशक्य. अमेरिकेत सुरुवातीला रोलच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरलेले असत. सरकारने मक्तेदारीवर बोट ठेवल्यावर १९५४ साली कंपनीला ही जोडविक्री सोडावी लागली आणि इतर लॅबनाही हे काम करता येऊ लागलं. तरी शेवटी जगात एकच लॅब उरली, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातली ड्वेन्स फोटो. २००९ साली कोडॅकने ही फिल्म बंद केली आणि ३० डिसेंबर २०१० नंतर ड्वेन्सने रोल घेणं थांबवलं. त्यानंतर कपाटात सापडलेला रोल धुता येतो, पण कृष्णधवल. आजी दिसते, तिच्या साडीचा म्हणा, फ्रॉकचा म्हणा, रंग कायमचा गेला.

यात कुणी कुणाला फसवलं का? मी सॉफ्टवेअर लिहितो. जुनी सेवा बंद करणं आमच्याकडे रोजचंच. गिऱ्हाईकच नसेल तर यंत्रं कुणाच्या जिवावर चालवायची, हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. ड्वेन्सने तर सगळ्यांच्या नंतरही काम चालू ठेवलं. शिवाय आगाऊ सूचना दिली होतीच की.

माझी अडचण त्या सूचनेपाशी आहे. सूचना पोचते ती आज गिऱ्हाईक असलेल्या माणसाला. रोल टाकून वारलेल्या बापाच्या मुलीला ती पोचत नाही. आणि ‘आठवणी जपा’ असं चौऱ्याहत्तर वर्षं शिकवलेल्या लोकांना दीड वर्षाची मुदत मला तोकडी वाटते. सवय जितकी लांब लावली, निरोपही त्याच मापाने लांब हवा.

कायमची सेवा देणं कुणालाच शक्य नाही, तशी अपेक्षाही नको. पण वस्तू अर्धी विकून उरलेली अर्धी आपल्याकडे ठेवणाऱ्याने ते विकतानाच स्पष्ट सांगावं, एवढं कर्तव्य मी मानतो. ‘रंग आमच्याकडे आहे, आम्ही असू तोवरच’ हे वाक्य डब्यावर असतं, तर कित्येकांनी रोल ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला नसता.

आपल्या फोनमधले फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहेत. तिथे हे वाक्य कुठे लिहिलंय, ते एकदा शोधा.